जिथे दंव धरत नव्हतं

नेदरलँड्समध्ये अंगणातली फरशी वाळूवर बसवतात. खाली खडी, खडीवर वाळू, वाळूवर फरशी, सांध्यांत बारीक वाळू झाडायची आणि घरी जायचं. सिमेंटचा कणही नाही. आपल्या लोकांना हे सांगितलं की मी त्यांना कच्ची पोळी वाढते आहे अशा नजरेने ते माझ्याकडे बघतात. "ताई, पक्कं नाही का करता येणार?" हा प्रश्न मला रायस्वाइकपासून फेल्डहोवनपर्यंत प्रत्येक मराठी घरात ऐकावा लागला आहे. माझं उत्तर ठरलेलं असतं. इथली जमीन दरवर्षी थोडी थोडी खचते. हिवाळ्यात तिच्यातलं पाणी गोठतं, फुगतं. फरशीला तिच्याबरोबर हलू द्यायचं. काही वर्षांनी उचलायची, वाळूची भर घालायची, पुन्हा मांडायची. फरशी हलली की निदान कळतं, खाली काहीतरी बिनसलंय.

हे उत्तर मी एकदाच बदललं.

मी इथे नवऱ्याच्या व्हिसावर आले. सिव्हिलचा डिप्लोमा कपाटात ठेवून चार वर्षं डबे भरले, मग कंटाळून एक जुनी व्हॅन घेतली आणि फरशीकाम सुरू केलं. बाईमाणूस फरशी बसवतं याचं डच लोकांना फारसं काही वाटलं नाही. मराठी लोकांना वाटलं, पण त्यांनीच पुढची कामं दिली. त्यांतलंच एक काम रायस्वाइकमधलं. रांगेतलं घर, मागे शेड, शेडपासून किचनच्या दारापर्यंत बारा पावलांचं अंगण. घरमालक स्लोटरडाइकच्या एका ऑफिसात आयटीत होता. त्याचे आईवडील तेव्हा तीन महिन्यांसाठी पुण्याहून आले होते. वडील सरकारी बांधकाम खात्यातले निवृत्त ओव्हरसीअर.

पहिल्या दिवशी मी वाळू पसरते आहे तोवर काका खुर्ची घेऊन बाहेर आले.

"बाई, दगडांचं सोलिंग कुठाय?"

"काका, इथे सोलिंग नसतं. खडी आहे खाली."

"आणि पीसीसी? काँक्रीटचा थर?"

"तेही नसतं."

"म्हणजे वाळूवर नुसती फरशी ठेवून जाणार? पत्त्यांचा बंगला आहे का हा?"

काकू किचनच्या दारात मेथी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, करू द्या त्यांना काम. तुम्हाला रिटायर होऊन अठरा वर्षं झाली."

"मी झालो रिटायर. रस्ते झालेत का?"

तीन दिवस हे चाललं. चौथ्या दिवशी मी नमले. दमले होते हे एक कारण, आणि मीही डिप्लोमावाली. वाळूवर काम करताना माझ्याही हाताला कुठेतरी चुकल्यासारखं वाटायचं, हे दुसरं. चार इंच काँक्रीट घातलं, त्यात काकांच्या हट्टाने सळयांची जाळी, वर मॉर्टर आणि फरशी. झाडांच्या कुंपणाकडे दोन बोटं ढाळ. काकांनी पाणसळ लावून एकेक कोपरा तपासला आणि माझ्याशी हात मिळवला.

पुढचे दोन हिवाळे त्या अंगणातली एक फरशी केसभर हलली नाही. शेजाऱ्यांची अंगणं घरांपासून चांगली वीतभर खाली गेली होती. इथली घरं खोल खांबांवर उभी असतात, ती खचत नाहीत, अंगणं खचतात. हे अंगण मात्र दारापाशी होतं तिथेच. त्याचा फोटो मी नव्या गिऱ्हाइकांना दाखवायचे.

त्यानंतरच्या फेब्रुवारीत त्या घरातल्या सुनेचा फोन आला. ती घरूनच काम करायची. आवाज इतका हळू की ती जिन्यात बसून बोलते आहे हे मला कळलं.

सासूबाई पावसाळ्यात गेल्या, म्हणाली. बाबा एकटेच आलेत, तीन महिन्यांसाठी. परत गेल्यावर त्यांना पुण्याच्या फ्लॅटमध्ये एकटं राहायचंय, दुसरं काही ऐकत नाहीत. नणंदेने तिच्या घराजवळ एक जागा बघून ठेवली आहे. "वृद्धाश्रम नाही म्हणायचं, ताई. जेवण, डॉक्टर, सगळं आहे. पण त्यांना नको आहे. आम्ही म्हटलं, इथे तीन महिने बघू कसे राहतात, मग ठरवू."

"मग?"

"ते म्हणतात, अंगणाखाली कुणीतरी चालतं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"रोज सकाळी थंडीत बाहेर जातात आणि खडूने फरशीवर काहीतरी काढतात. आम्हाला कुणालाच काही ऐकू येत नाही. ताई, तुम्ही एकदा येऊन त्यांना सांगा ना, खाली काही नाहीये म्हणून. ते अंगण तुम्ही बांधलंय. तुमचं ऐकतील."

मी दुसऱ्याच दिवशी सकाळी नऊला गेले. उणे चार होतं. मुलगा ऑफिसला गेला होता, सून वर मीटिंगमध्ये. मी मागच्या फाटकातून आत शिरले आणि तिथेच थांबले.

अख्ख्या अंगणावर रात्रीचं दंव गोठून पांढरं झालं होतं. शेडच्या छतावर, कुंपणावर, फरशीच्या प्रत्येक सांध्यावर. पण अंगणाच्या मधोमध एक जागा काळी, ओली होती. माणूस आडवा झोपेल एवढी. तिच्या कडा सरळ नव्हत्या. एका टोकाला निमुळती, मध्ये रुंद. तिच्याभोवती खडूची रेघ होती, आणि त्या रेघेच्या आत दुसरी, तिच्या आत तिसरी. प्रत्येक रेघेवर तारीख. सगळ्यात आतली रेघ परातीएवढी. तीन आठवड्यांपूर्वीची.

त्या काळ्या जागेच्या मधोमध काकांची खुर्ची होती आणि खुर्चीत काका, माकडटोपी घालून, मांडीवर वही.

"या बाई," ते म्हणाले. "बूट काढा. बुटांचा आवाज त्यांना कळतो."

मी बूट काढले नाहीत. विचारलं, "हे खडूचं काय आहे काका?"

"दंव जिथे धरत नाही ती जागा. रोज वाढते. घरात सांगितलं तर सून म्हणते, बाबा टोपी घाला." ते हसले. "तुम्हाला तरी कळेल म्हणून थांबलोय."

मला कळलं. वेडा माणूस इतक्या नीट तारखा घालत नाही. ती मोजणी होती. कामावरच्या माणसाने केलेली.

त्यांनी वही माझ्या हातात दिली. खात्यात मोजमापाची वही असते तशीच आखलेली, तारीख, वेळ, जागा, नोंद. सुरुवातीची पानं मी उभ्यानेच वाचली. *सकाळी ९.१०. शेडकडून किचनकडे. हलकी पावलं, भरभर. दुपारी १२.३०, वरती कुणीतरी आंघोळ केल्यावर, पाण्याचा आवाज, नळाचा नव्हे. २.१५, माती पडल्यासारखा आवाज.* कोणताही इंजिनीअर सही करील अशा नोंदी. पुढच्या पानांवर अक्षर तेच होतं, ओळीही तशाच सरळ. *१०.४०. आज चौघं. खुर्चीखाली थांबतात. वर बघतात.* आणि त्याखाली: *एक मागे राहतं. त्याचं पाऊल ओळखीचं.*

मी वही मिटून परत दिली. तेव्हा मला फरशीचं बघायचं होतं.

व्हॅनमधून हातोडी आणली. भरीव फरशीवर हातोडी ठोकली की टक् असा कोरडा आवाज येतो. शेडपाशी ठोकली, टक्. कुंपणाशी ठोकली, टक्. खडूच्या रेघेपाशी आवाज बदलला. रेघेच्या आत तो ढब् असा आला, आणि थोड्या वेळाने, खालून, तोच आवाज पुन्हा आला, जरा उशिराने. पोकळ फरशी मी हजारदा ऐकली आहे. उत्तर देणारी फरशी ऐकली नव्हती.

मी गुडघे टेकून कान लावला. गाल पोळेल इतकी थंडी होती, पण तिथली फरशी थंड नव्हती. कोमट होती, कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखी. आधी काहीच नाही. मग कुठेतरी दूर एक थेंब पडला. मग ती पावलं ऐकू आली. शेडच्या बाजूने येत होती, हलकी, भरभर, बरीच. ती माझ्या कानाखाली आली आणि थांबली. पुढे गेली नाहीत. मी श्वास रोखला तेव्हा खाली पूर्ण शांत होतं, आणि ती शांतता रिकामी नव्हती.

"वर बघतायत," काका म्हणाले.

"काका, खुर्चीवरून उठा."

"अहो, तीन आठवडे बसतोय."

"आत्ता उठा. आणि रेघेच्या बाहेर या. हळू."

ते उठले. शिकलेला माणूस, माझ्या आवाजावरून त्यांना कळलं असावं. मी त्यांना किचनच्या पायरीवर उभं केलं, खुर्ची लांबूनच कुदळीच्या दांड्याने ओढून घेतली, आणि सुनेला खाली बोलावलं.

दुपारी मुलगा ट्रेन पकडून घरी आला. मी दोन जाड फळ्या आडव्या टाकल्या, कमरेला दोर बांधून तो शेडच्या खांबाला बांधला, फळीवर पालथी पडून कडेची एक फरशी काढली आणि काँक्रीटला छिन्नी लावली. चार इंच फोडायला फारसा वेळ लागला नाही. शेवटचा तुकडा माझ्या हातून निसटून आत गेला. मग पाण्यात पडल्याचा आवाज आला. त्या भोकातून कोमट, कुजकट हवा वर आली आणि थंडीत तिची वाफ झाली. अंगणाने श्वास सोडावा तशी ती बराच वेळ येत राहिली.

बॅटरी लावून आत पाहिलं. माझं काँक्रीट वर छतासारखं होतं, मला त्याची खालची बाजू दिसत होती, जाळीचे ठसे, एक विसरलेली सिमेंटची पिशवी चिकटलेली. त्याच्याखाली माझ्या छातीइतकं खोल काहीच नव्हतं. वाळू गेली होती, खडी गेली होती. भिंती ओल्या, त्यांतून कुंपणाच्या झाडांची पांढरी मुळं लोंबत होती. तळाशी एका बाजूला पाणी, बाकी चिखल, आणि चिखलात उंदरांच्या पावलांची तुडवून तुडवून गुळगुळीत झालेली वाट. शेडकडून किचनकडे.

कारण साधं होतं. घर खचत नाही आणि जमीन खचते, त्यामुळे घरातून निघणारा सांडपाण्याचा जुना मातीचा पाइप भिंतीपाशी तुटला होता. घरात पाणी वापरलं की ते त्या फटीतून बाहेर यायचं आणि जाताना वाळू पाइपात ओढून न्यायचं. फटीतून घुशी-उंदीर ये-जा करत होते. अशी फट रायस्वाइकमध्ये दर दहा घरांत एकाकडे असते म्हणा ना. पण वाळूवरची फरशी पहिल्याच महिन्यात खाली बसते, लोक प्लंबरला बोलावतात, विषय संपतो. माझं काँक्रीट बसलं नाही. ते दोन वर्षं सरळ, सुंदर उभं राहिलं आणि त्याने खालचं सगळं झाकून ठेवलं. काकांनी जाळी घालायला लावली नसती तर ते खुर्चीसकट आत गेले असते. आणि त्यांनी काँक्रीटच घालायला लावलं नसतं, मी ऐकलं नसतं, तर काहीच झालं नसतं. दोन्ही खरं आहे.

मुलगा वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बाबा, सॉरी. आम्हाला वाटलं..."

"काय वाटलं ते माहीत आहे मला," काका म्हणाले. "तुझ्या बहिणीला फोन कर. म्हणावं, ती जागा दुसऱ्या कुणाला तरी द्या."

त्याने फोन केला, माझ्यासमोर. फ्लॅटमध्ये बाबा एकटेच राहतील असं ठरलं. मलाही बरं वाटलं, हे खोटं कशाला बोलू.

पुढचं काम मी माझ्या पद्धतीने केलं. सगळं काँक्रीट फोडून काढलं, प्लंबरने नवा पाइप टाकला, भिंतीपाशी वाकणारा तुकडा बसवला म्हणजे जमीन खचली तरी तुटणार नाही. थर थर करून वाळू भरली, प्रत्येक थरावर धुम्मस चालवलं, वर फरशी मोकळी मांडली. काका खिडकीतून बघत होते. या वेळी एक शब्द बोलले नाहीत.

एप्रिलच्या सुरुवातीला मुलाने बोलावलं. नव्या भरावावरच्या चार फरश्या बोटभर बसल्या होत्या, बसणारच होत्या. शनिवार होता, स्वच्छ ऊन. काकांचं विमान सोमवारी. ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते, माकडटोपी नाही, वही नाही, दाढी केलेली.

"आता कसं काय काका?" मी विचारलं.

"एकदम पक्कं. आवाज नाही, काही नाही."

"वही?"

"काम संपलं की वही बंद. नियम आहे."

मी फरश्या उचलल्या, वाळू घातली, लेव्हल लावली. ते पुण्याच्या उन्हाबद्दल बोलत होते. फ्लॅटचा गीझर बदलायचाय, खालच्या मजल्यावरचा किराणावाला घरपोच देतो. बोलता बोलता त्यांनी दोन्ही पाय जमिनीवरून उचलले. वीतभर. थोडा वेळ तसेच धरले आणि पुन्हा ठेवले. बोलणं थांबलं नाही.

मला वाटलं, पायाला कळ लागली असेल.

दहा मिनिटांनी पुन्हा. या वेळी मी त्यांच्या डोळ्यांकडे बघत होते. ते डोळे शेडच्या दारापासून निघाले, फरशीवरून सावकाश पुढे सरकत आले, खुर्चीपाशी आले, पाय उचलले गेले, डोळे किचनच्या दाराकडे गेले, पाय खाली आले. रस्त्यावर बसलेला माणूस जाणाऱ्याला वाट करून देतो तसं. "...आणि पाणी सकाळी दोन तास येतं, भरपूर झालं एका माणसाला," ते म्हणाले.

मी हातोडी घेतली आणि सगळं अंगण ठोकून काढलं, शेडपासून दारापर्यंत, एकही फरशी सोडली नाही. टक्. टक्. मग खुर्चीशेजारी गुडघे टेकले आणि कान लावला. चांगली पाच मिनिटं. खाली ओली, दाबलेली वाळू होती आणि काहीही नव्हतं. माझ्या कानाशेजारी काकांचे पाय पुन्हा उचलले गेले.

मुलगा चहा घेऊन आला. "झालं ना ताई? बाबा एकदम फिट आहेत बघा. एकटे राहतील आरामात." तो विचारत नव्हता, पण कप माझ्या हातात दिल्यावर तो थांबला. त्याला माझं हो हवं होतं. बाबांचं खरं ठरवणारी मीच होते ना.

काका माझ्याकडे बघत होते. डोळ्यांनीच नको म्हणत होते, अगदी स्पष्ट. या माणसाच्या आग्रहापुढे मी एकदा नमले होते.

"काम पक्कं झालंय," मी म्हणाले. "खाली काही नाही. पण बाबांना अजून ऐकू येतंय. त्यांना एकटं ठेवू नकोस. सोमवारच्या आधी डॉक्टरला दाखव आणि बहिणीला फोन कर."

मुलगा वडिलांकडे वळला. "बाबा?"

काकांनी नाही म्हटलं नाही. ते त्याला म्हणाले, "बाईंना बिस्किटं दे." तो आत गेला. मग ते माझ्याकडे वाकले.

"तुम्हालाही दिसलं ना? नाहीतर माझ्या पायांकडे कशाला बघत होतात?"

"नाही काका. मला काहीच दिसलं नाही. म्हणून तर सांगितलं."

त्यांनी माझ्या हातोडीकडे पाहिलं. राग नव्हता. साइटवरच्या कुणीतरी त्यांचं बिल नाकारल्यावर पुन्हा सगळं तपासून बघणाऱ्या माणसासारखा चेहरा होता.

"मग बरोबर आहे," ते शेवटी म्हणाले. "जे दिसलं तेच लिहायचं. मीही तेच केलं."

आत किचनमध्ये मुलगा फोनवर बहिणीशी बोलायला लागला होता. आवाज हळू केला होता तरी ऐकू येत होता. काकांनी तिकडे मान वळवली नाही. ते शेडकडे बघत होते. मग त्यांनी खुर्ची जरा मागे सरकवली, पाय उचलले, आणि या वेळी, वहीतल्या त्या मागे राहणाऱ्यासाठी थांबावं तसे, बराच वेळ खाली ठेवले नाहीत.